मी वाघकोंड दोनदा उपसला

मित्रांनो, मी एक जुना डिझेल पंप आहे. आधी माझ्या व्हीलवरून खाली उतरा बघू. तो झोपाळा नाही. एक काळ असा होता, की मी चालू असताना दोन हातांच्या आत यायची कुणाची छाती नव्हती, आणि आज तुम्ही माझ्या सायलेन्सरमध्ये जांभळाच्या बिया कोंबता! कोंबा. पण कोंबता कोंबता ऐका. मला माझी हकिकत सांगायची आहे, आणि ती सांगून झाली की तुमच्यापैकी एकाचा कान धरायचा आहे. कुणाचा, ते त्याचं त्याला ठाऊक.

माझा जन्म कारखान्यातला. ओतीव लोखंड, हिरवा रंग, पाच हॉर्सपॉवरची ताकद. १९९२ साली दामूने मला कल्याणच्या एका दुकानातून आणलं. धसईपर्यंत टेम्पोने आलो, पुढे बैलगाडीने. वाटेत माझ्या वजनाने गाडीचा आख मोडला आणि दामूने कपाळाला हात लावला. मला मात्र, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटलं.

दामूने मला इथेच बसवलं, ह्या जांभळीखाली, वाघकोंडाच्या, म्हणजे नदीतल्या ह्या खोल डोहाच्या, काठावर. उन्हाळ्यात नदी आटते, दगड उघडे पडतात, पण वाघकोंड कधी आटत नाही, कारण त्याच्या तळाशी झरे आहेत. माझा एक पाइप कोंडात सोडला, त्याच्या टोकाला जाळी. दुसऱ्या पाइपाचं तोंड ह्या दगडी हौदावर. हौद भरला की पाणी पाटाने दामूच्या शेतात. भात निघाल्यावर पडीक राहणाऱ्या त्या जमिनीत त्या वर्षी पहिल्यांदा काकडी आणि भेंडी उभी राहिली.

स्वभावाने मी तापट. मला चालू करायचं म्हणजे हँडल लावून व्हील गरागरा फिरवायचं आणि बरोबर वेळेला हँडल काढून घ्यायचं. हात जरा रेंगाळला की मी उलटा झटका देई. पहिल्याच आठवड्यात मी दामूचा अंगठा निखळवला. तो बोंबलत उड्या मारत होता आणि मी भकाभका धूर सोडत होतो. तरी दसऱ्याला त्याने मला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. "पंप नाय, वाघ हाय वाघ," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मी फुगलो, आणि फुगलो तो चांगली सहा वर्षं फुगलेलाच राहिलो.

ह्या वाडीची एक रीत होती. वैशाखात एक दिवस ठरवून सगळी वाडी कोंडात मासे धरायला उतरायची. कुणी जाळं घेऊन, कुणी टोपली, कुणी नुसत्या हातांनी. आणि काठावर जनाबाई उभी राहायची, कमरेवर पाण्याने भरलेलं मडकं घेऊन. जनाबाई तेव्हा साठीच्या आसपासची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. तिच्या सासूने हे मडक्याचं काम तिच्या हाती दिलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. प्रत्येक जातीचे पहिले चार मासे त्या मडक्यात जायचे. चार मळे, चार शिंगट्या, चार मुऱ्या आणि चार खडस. खडस म्हणजे सोनेरी खवल्यांचा, जाड ओठांचा मासा, सगळ्या कोंडाचा राजा. सगळ्यांचं मासे धरणं आटोपलं की जनाबाई पदर खोचून पाण्यात उतरायची आणि मडकं हळूच तिरकं करायची. तोवर वाडीत एक चूल पेटायची नाही. ह्याला म्हणायचे कोंडाचं बी.

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला हसू आलं. एवढा मोठा कोंड आणि सोळा माशांचं बी! पण मित्रांनो, त्या कोंडाचा तळ कधी कुणी गाठलेलाच नव्हता. टोपल्यांनी आणि हातांनी तो गाठवत नाही. वरवरचे मासे माणसं न्यायची, खोल कपारीतले कोंडाकडेच राहायचे, आणि मडक्यातले त्यांना जाऊन मिळायचे. असं ते बिनबोभाट चाललं होतं. मग मी आलो.

दामूचा धाकटा भाऊ शेखर मुरबाडला एका कारखान्यात फिटर होता. १९९८ च्या सुरुवातीला कारखाना बंद पडला आणि तो घरी आला. पण हातावर हात ठेवून बसणाऱ्यातला तो नव्हता. खालच्या शेतात, इथून दिसतं ना, तिथे त्याने तळं खणलं आणि मासे पाळायला घेतले. त्यात वाईट काय? काहीच नाही. पण त्याला कुणाकडून तरी मिळाली ती परदेशी मांगूरची पिल्लं. काळा, बुळबुळीत, मिशाळ मासा. सडकं, नासकं, मेलेलं, जितं, पुढे येईल ते खातो आणि चार महिन्यांत किलोभर होतो. शेखर त्यांना बाजारातून कोंबड्यांची आतडी आणून टाकायचा. आतडी पडली की आख्खं तळं उकळायला लागायचं. एखादा बेडूक चुकून त्यात पडला तर त्याचा पायसुद्धा वर यायचा नाही. दामूला जसा माझा अभिमान, तसा शेखरला त्यांचा.

त्या वैशाखात कोंडाच्या काठावर सगळे जमले तेव्हा शेखर म्हणाला, "टोपल्यांनी काय खेळताव? पंप लावा. तळ गाठू. त्या म्हाताऱ्या खडसाला बाहेर काढू."

कोंडाच्या तळाशी एक म्हातारा खडस आहे, असं सगळे सांगायचे. पाहिला कुणीच नव्हता. शेखरचं बोलणं ऐकलं आणि सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

"तळ नका रे गाठू," जनाबाई म्हणाली. "भाताचं बी खाल्लं तं पुढं पेरशाल काय?"

"काकी, तुझं मडकं भरून देतो ना! रीत मोडणार नाय," शेखर म्हणाला. आणि दामूने मला हँडल लावलं.

मी दोन दिवस ओढलं. डिझेल ओतण्यापुरता थांबलो तेवढाच. झऱ्यांनी पाणी आत सोडायचं आणि मी ते बाहेर फेकायचं, अशी आमची झुंज लागली, आणि झुंजीत मी हरणारा नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तळ दिसला. मित्रांनो, मी पाहिलं ते तुम्हाला गोड करून सांगणार नाही. गुडघाभर चिखलात शेकडो मासे एकावर एक तडफडत होते, कल्ल्यांची उघडझाप करत होते. माणसं त्यांच्यावर तुटून पडली. कोयते, काठ्या, कुऱ्हाडी, हाताला लागेल तो दगड. बारके मासे पायांखाली चिरडत होते आणि कुणी खाली बघत नव्हतं. एका मोठ्या शिंगटीसाठी दोघांनी एकमेकांचं नरडं धरलं. एकाच्या कोयत्याने दुसऱ्याची पोटरी उकलली, चिखल लाल झाला, तरी तो शिंगटी सोडेना. आणि मग कपारीतून तो बाहेर आला, म्हातारा खडस. तुमच्याएवढा लांब होता. त्याने शेपटीचा एकच तडाखा दिला आणि शेखर चिखलात आडवा झाला. मग चौघांनी त्या खडसावर कुऱ्हाडी घातल्या. पहिल्या घावाला तो मेला नाही. चौथ्यालाही नाही.

जनाबाई मडकं घेऊन त्या गर्दीत घुसली होती. "चार तरी द्या रे! चार तरी जिते द्या!" कुणाचं तरी कोपर लागलं, मडकं कातळावर आपटलं आणि फुटलं. त्यात जमलेलं बी चिखलात सांडलं आणि त्यावरून पाय गेले. ती बाई अशी किंचाळली, की माझ्या धडधडाटातूनही ते मला ऐकू आलं. पंपाला दुसऱ्याने थांबवल्याशिवाय थांबता येत नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला समजावत होतो. खरं सांगू? मला थांबायचंच नव्हतं. तळ दाखवणारा मी होतो आणि मला मजा येत होती. आज त्याची लाज वाटते.

जनाबाई रडत बसली नाही. चिखलात कोपरापर्यंत हात घालून ती वाकली, जे हालताना दिसेल ते पदरात ओढलं आणि धावत ह्या हौदाशी आली. पदर सोडला. सहा मळे, पाच शिंगट्या, ओंजळभर मुऱ्या आणि बोटाएवढी चार खडसाची पिल्लं. त्यातली काही उताणी तरंगली. तिने एकेकाला हाताने सरळ धरून ठेवलं, कल्ले हलायला लागेपर्यंत. "जगा रं बाबांनो," ती म्हणत होती, "जगा."

त्या दिवशी घरोघरी मासे शिजले. बी सोडलं गेलं नव्हतं. असं आजवर कधी झालं नव्हतं. आणि शेखर मनाने वाईट नव्हता, मित्रांनो. त्याला ते लागलं. पावसाळ्यात कोंड भरला तसा तो डोक्यावर पितळेची घागर घेऊन आला. काठावर नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. "चार नाय, चाळीस सोडतो," म्हणाला आणि घागर वाकडी केली. माणसं हात जोडून उभी होती. पोरांनी टाळ्या पिटल्या. जनाबाई मात्र तापाने घरात पडून होती.

घागरीत मांगूरची पिल्लं होती. काठावरच्यांना दिसली नाहीत, मला दिसली. शेखरने रीत पुरी पाळली, फक्त बी आपल्या तळ्यातलं घातलं. मासा तो मासा, असं त्याला वाटलं. चांगला वाढणारा मासा दिला, तर कोंडाचं भलंच होईल, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

मी कोंडाचंच पाणी पीत होतो, म्हणून सगळ्यांच्या आधी मला कळलं. पहिल्या हिवाळ्यात माझ्या जाळीवर कधी बेडूक थडकायचे, कधी पाणसाप. पुढे बेडूक संपले. पाणकोंबडी पिल्लं घेऊन पाण्यात उतरली, की पिल्लं एकेक करून खाली ओढली जायची आणि ती बिचारी गोल गोल फिरत ओरडत राहायची. मग खायला काही उरलं नाही, तेव्हा मांगूर मांगूरला खाऊ लागले. अर्धे खाल्लेले मासे तरंगत यायचे. एकदा एक धूड माझी जाळी फाडून आत शिरलं आणि माझ्या पंख्यात सापडलं. मी त्याचा पार खिमा केला. हौदात लाल पाणी पडलं, आणि त्या पाण्यात करंगळीएवढं एक मांगूरचं पिल्लू जितंच वळवळत होतं.

जनाबाईने ते पाहिलं. शेखरच्या तळ्यातलं पुरात चढून आलं असावं, असं तिला वाटलं. तिने ते चिमटीत धरून दगडावर ठेचलं. मग घरी गेली, जुनं लाल लुगडं फाडलं, चार पदरी घडी घातली आणि माझ्या पाइपाच्या तोंडाला बांधली. दोन गाठी मारल्या. मी जाम भडकलो. वाघाच्या तोंडाला फडकं? पण त्या फडक्यातून हौदात फक्त पाणी पडायचं. रोज सकाळी ती ते सोडायची, झटकायची, त्यात अडकलेलं काळं काहीबाही ठेचायची आणि पुन्हा दोन गाठी मारायची.

पुढच्या वैशाखात कोंडाला विसावा द्यायचं ठरलं. त्याच्या पुढच्या वर्षी, २००० साली, वाडी पुन्हा पाण्यात उतरली. जनाबाई नवं मडकं घेऊन उभी राहिली. पहिली टोपली वर आली, काळी. दुसरी काळी. दहावी काळी. सकाळची दुपार झाली, जनाबाईचं मडकं रिकामंच. एकाने मांगूर उचलून विचारलं, "ह्यातले टाकू का, काकी?"

"हे माझ्या सासूनं दिलेलं बी नाय," ती म्हणाली. मग शेखरकडे वळली. "शेखर, घागरीत काय होतं रे?"

शेखरची मान खाली गेली. "मासेच होते, काकी. माझ्या तळ्यातले. चांगले वाढतात म्हणून..."

जनाबाईने मडकं त्याच्या पायाशी आपटलं. आणि दामू, जो इथे माझ्याजवळ उभा होता, त्याने माझं हँडल उचललं. मला वाटलं चालू करतोय. तो पाच ढांगांत शेखरजवळ पोचला आणि त्याने हँडल हाणलं. शेखरने हात आडवा घातला म्हणून डोकं वाचलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या काठाने ऐकला. हँडल म्हणजे माझ्याच अंगाचा तुकडा. मी कुणाला झटका दिला तर त्यात खोडी असायची. ह्यात खोडी नव्हती. दामू दुसऱ्यांदा मारणार होता, तिघांनी त्याला खाली पाडून धरलं.

शेखरला मुरबाडला नेलं. हात बसला तो वाकडाच बसला. भाऊ भावाशी बोलेनासा झाला आणि वाडीने कोंडात उतरणं सोडलं.

मग वाडीत थ्री-फेजची लाइन आली. २००२ साली दामूने विजेची मोटार बसवली. इवलीशी, धूर नाही, आवाज नाही, बटण दाबलं की सुरू. मला जांभळीच्या मुळाशी ढकललं. माझ्या टाकीत कोळी, फ्लायव्हीलखाली कोंबडीची अंडी. दसऱ्याला माळ मोटारीच्या पेटीला. मी किती जळलो म्हणून सांगू! पण एक बरं होतं. मोटारीच्या पाइपालाही जनाबाईने तेच फडकं बांधलं होतं. हौदात मुऱ्यांनी पिल्लं काढली होती. मळे दगडांवरचं शेवाळ खाऊन गलेलठ्ठ झाले होते. आणि चार खडस वीत-वीतभर. नदीत दुसरीकडे कुठे हे मासे उरले होते की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या कोंडाचं बी मात्र एवढंच होतं, ह्या दहा फुटांच्या हौदात.

२००४ चा उन्हाळा आला आणि विजेने दगा दिला. दिवसदिवस लाइट नाही. मोटार मुकी. हौदाचं पाणी कढत झालं, हिरवं झालं. मासे वर येऊन आ वासू लागले. पहिल्या दिवशी दोन मळे मेले. जनाबाई हंडा घेऊन कोंडात उतरायची, फडक्यातून गाळून पाणी हौदात ओतायची आणि पुन्हा उतरायची. सत्तरीला टेकलेली बाई. तिसऱ्या दिवशी पायरीवरून घसरली, कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत आलं. तिने ते पदराने पुसलं आणि हंडा पुन्हा भरायला गेली.

दामूच्या डोळ्यांना ते बघवेना. तो मला ओढत काठावर घेऊन आला. हँडल लावलं, फिरवलं, घामाघूम झाला. मी गंजलो होतो. जीव खाऊन प्रयत्न केला, पण ठिणगीभर जोर येईना. दामूने मला लाथ घातली आणि डोकं धरून खाली बसला.

"सरक," मागून कुणीतरी म्हणालं.

शेखर होता. चार वर्षांत भावाशी बोललेला पहिला शब्द. त्याने डाव्या हाताने माझं डिझेल फवारणारं नोझल खोललं, फुंकलं, रॉकेलने धुतलं. पिस्टनवर तेल सोडलं. फिटरच तो. तासाभराने उठला आणि दामूला म्हणाला, "हँडल तूच मार. माझा हात आता वळत नाय."

दामू उठला. त्याने हँडल मारलं, आणि मी पेटलो! काळा धूर, जुना गंज, कोळ्यांची जाळी, सगळं एका दमात बाहेर. हौदात पाणी पडलं तसे मासे धारेखाली येऊन उभे राहिले. जनाबाई रक्ताळल्या तोंडाने हसत होती.

"मुरबाडच्या हापिसात गेलतो," शेखर म्हणाला. "ह्या माशाला सरकारची बंदी हाय. नदीत सुटला का नदी खातो, असं सायबानं सांगितलं. मी माझं तळं गेल्या महिन्यातच आटवलं. एकूण एक मारला, चुना टाकून पुरला. आता कोंड उपसू, दादा. जे मी घातलं ते मीच काढतो."

आणि मित्रांनो, मी वाघकोंड दुसऱ्यांदा उपसला. ह्या खेपेला पाइपाचं तोंड हौदापासून फिरवून लांब शेतात सोडलं होतं. हौदाच्या काठावर जनाबाई काठी घेऊन बसली. पहिल्या वेळेला मासे पाणी गेल्यावर तडफडले होते. मांगूर तडफडत नाही. तो हवेतही जगतो. पाणी ओसरलं तसे ते चिखलात घुसले, पोटावर सरपटत कातळ चढू लागले, आणि काही तर सरळ हौदाच्या दिशेने निघाले. वाडी कोयते घेऊन उभीच होती. ठेचा, तोडा, खड्ड्यात टाका, वर चुना. तोडलेली मुंडकी कितीतरी वेळ आ करत होती. काटे लागून लोकांचे तळपाय फुटले होते. एक मोठा मांगूर हौदाच्या कडेपर्यंत पोचला. जनाबाईने काठीने त्याचं डोकं असं कुटलं, की काठी मोडली. कुणी आरडाओरडा करत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. ती कत्तल होती आणि ती ज्याने त्याने आपल्या हाताने करायची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझं डोकं तापलं. मला थंड ठेवायला एक बोटभर नळी आहे, मी ओढलेलं थोडं पाणी त्यातून फिरतं. ती नळी मांगूरच्या बुळबुळीने आणि चिखलाने बंद पडली. शेखरने ती दोनदा काढून फुंकली, पण तिसऱ्यांदा मोकळी होईना. तळाला अजून हातभर पाणी होतं आणि त्यात सगळ्यात मोठे मांगूर दडलेले. मला थांबवलं तर झरे कोंड भरून टाकणार, आणि दोन दिवसांची मारामारी फुकट.

"पंप बंद कर, दादा. जळेल," शेखर ओरडला. "नायतर वरून स्वच्छ पाणी ओतत राहा. लय पाणी लागेल."

स्वच्छ पाणी दहा पावलांवर होतं, हौदात. दामूने बादली उचलली आणि हौदाकडे गेला. जनाबाईने हौदाच्या तोंडावर दोन्ही हात पसरले. हौद आधीच निम्म्यावर आला होता, खडसांची पाठ पाण्यावर दिसत होती.

"ह्यातलं नाय, दामू."

दामूने हौदात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दहा वर्षं मी त्याचं शेत पिकवलं होतं. तो माझ्यापाशी आला, माझ्या डोक्यावर तळहात ठेवला. चर्र आवाज झाला, कातडी चिकटली, तरी त्याने हात लगेच काढला नाही. "वाघा," म्हणाला, "चालू दे."

मग मी चाललो. माझा रंग जळाला, तेल करपलं, आतलं लोखंड लोखंडाला खाऊ लागलं. फार दुखलं, मित्रांनो, लोखंडालाही दुखतं. पण पहिल्या वेळेला मी मजेसाठी चाललो होतो, आणि ती मला फेडायची होती. शेवटच्या कपारीतलं पाणी मी ओढलं. शेखर डाव्या हातात कोयता घेऊन त्या कपारीत उतरला आणि एकेकाला बाहेर फेकू लागला. सगळ्यात शेवटचा मांगूर त्याच्या मांडीएवढा होता. तो कातळावर आपटला, आणि त्याच वेळी माझ्यात स्फोट झाल्यासारखा आवाज झाला. माझं डोकं, म्हणजे इंजिनाचं हेड, उभं तडकलं. व्हील थांबलं. त्यानंतर मी कधी चालू झालो नाही.

तळाच्या चिखलात चुना पसरला, तो पुढे पावसाने धुऊन नेला. श्रावणात जनाबाईने मडकं भरलं. पण सगळे मासे नेले नाहीत हं तिने. निम्मे कोंडात सोडले, निम्मे हौदात ठेवले. "सगळं बी एका वावरात पेरायचं नसतं रं," एवढंच म्हणाली. शेखरने पुन्हा तळं भरलं, पण आता त्यात रोहू आणि कटला आहेत. चहूबाजूंनी उंच बांध, पाणी जायच्या वाटेला दुहेरी जाळी. तळं चांगलं चाललंय. ते चालावं आणि कोंडही नांदावा, ह्यात भांडण काहीच नव्हतं. भांडण झालं ते एक घागर चुकल्यामुळे.

ह्या वैशाखात, म्हणजे २००८ च्या, वाडी चार वर्षांनी कोंडात उतरली. ते तुम्ही पाहिलंत. पहिल्याच टोपलीत बोटभर सोनेरी पिल्लू आलं, कोंडातच जन्मलेलं. जनाबाईला आता नीट दिसत नाही. तिने ते ओंजळीत धरून खवल्यांवरून बोट फिरवलं, आणि ती तिथेच पाण्यात बसून ढसाढसा रडली. शेखरने तिला उठवलं, आपल्या वाकड्या हाताने.

आता कान धरायची वेळ आली. उद्या भंगारवाला येणार आहे. मला हातोड्यांनी फोडतील, मग गाडीत घालतील. खुशाल न्या, माझं काही मागणं नाही. दामूला वाईट वाटतंय, त्याला म्हणावं, रडू नकोस. माझं हँडल शेखरने मागून घेतलंय, तळ्याच्या जाळीला अडसर म्हणून. तेही चांगलंच झालं.

पण आज दुपारी तुमच्यापैकी एकाने पतंगाला शेपूट हवी म्हणून हौदाच्या पाइपावरचं फडकं सोडलं. मी पाहिलंय. माझी नजर गंजलेली नाही! त्या फडक्याच्या खाली आमचं उरलेलं बी आहे, आणि नदीच्या खालच्या अंगाला मांगूर अजून आहेत. एकदा सुटलेले ते, सगळे कुठले मरायला? पुरात चढून वर येतील. करंगळीएवढं एक पिल्लू पाइपातून आलं, की संपलं. मग उपसायला मी नसेन, आणि हौदावर हात पसरायला जनाबाई आणखी किती वर्षं असेल?

मोटार चार वाजता सुरू होते. आत्ता साडेतीन झालेत. ज्याच्या पतंगाला ती लाल शेपूट आहे, त्याने पतंग खाली घ्यावा. फडकं धुवा, चार पदरी घडी घाला, पाइपाला बांधा. आणि गाठी दोन मारा. एक सुटते.